इंग्रजी स्वल्पविरामावरून वाद झाला तर काय करायचं?

फलटणच्या मराठी शाळेतून पुण्यात आले आणि पुस्तकं-नियतकालिकांचा इंग्रजी मजकूर तपासून देणाऱ्या एका कंपनीत चिकटले, तेव्हा माझी एक ठाम समजूत होती. इंग्रजीला एकच व्याकरण आहे, ते शाळेतल्या लाल पुठ्ठ्याच्या पुस्तकात आहे आणि ते मला पाठ आहे. पहिल्याच आठवड्यात दोन सीनिअर एका स्वल्पविरामावरून जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडले. दोघांच्या हातात पुस्तकं होती आणि दोन्ही पुस्तकांत आपापलं म्हणणं छापलेलं होतं. डबे गार झाले. संध्याकाळी तो स्वल्पविराम तसाच फाइलमध्ये बसून होता.

तुम्ही हिंजवडीत टेक्निकल रायटिंगला लागला असाल, विद्यापीठात इंग्रजीतून प्रबंध लिहीत असाल, एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल तुमच्या गळ्यात पडला असेल किंवा पेठेतल्या छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासायला बसला असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर येणारच आहे. तेव्हा काय करायचं ते माझ्या अकरा वर्षांच्या ठेचांवरून सांगते.

इंग्रजी वाक्यं इथे मी नागरीतच लिहिणार आहे. काही बिघडत नाही, कारण आपली विरामचिन्हं तिकडूनच आलेली आहेत. मोडीत लिहिताना आपल्या लोकांना शब्दसुद्धा तोडावेसे वाटत नव्हते, मग स्वल्पविराम कुठला! मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाला हातभार लावणारे हेच कँडी पुढे पुण्यात पाठशाळेचे प्रमुख होते. म्हणजे या भांडणाचं बी आपल्याच गावात पेरलेलं आहे म्हणायचं.

बसण्याआधी जवळ काय हवं

- मूळ फाइलची हात न लावलेली एक प्रत. वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेसकट.
- दोन शब्दकोश, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. मी ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर वापरते.
- ज्यांचं काम आहे त्यांची शैलीपुस्तिका, म्हणजे स्पेलिंग आणि चिन्हं कशी वापरायची याचे त्यांचे लेखी नियम. बहुतेकांकडे ती नसते. मग एक थोरलं पुस्तक धरा: ब्रिटिश मजकुराला ‘न्यू हार्ट्स रूल्स’, अमेरिकन मजकुराला ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’. शिकागोची पहिली आवृत्ती १९०६ ची आणि अठरावी २०२४ ची. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मागची आवृत्ती सापडली तरी घ्या, नव्वद टक्के वाद तिच्यात मिटतात.
- ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत ठेवणारी सोय) चालू केलेलं वर्ड. हे विसरलात तर बाकीची यादी फुकट.
- एक कोरी वही किंवा एक्सेलची शीट. हिचं काम सगळ्यात शेवटी सांगते.

१. आधी विचारा, इंग्रजी कुणाचं?

पेन उचलण्याआधी हा प्रश्न विचारायचा, आणि तो लेखी विचारायचा. वाचक लंडनचा, न्यूयॉर्कचा की नागपूरचा? ब्रिटिश पद्धतीत ‘मिस्टर’च्या संक्षेपापुढे टिंब नसतं, कारण संक्षेपाचं शेवटचं अक्षर आणि मूळ शब्दाचं शेवटचं अक्षर एकच असतं. अमेरिकन पद्धतीत टिंब हवंच. ब्रिटिश पुस्तकांत अवतरणचिन्ह बहुधा एकेरी, अमेरिकन पुस्तकांत दुहेरी. वाक्य अवतरणाने संपलं तर अमेरिकन माणूस पूर्णविराम चिन्हाच्या आत टाकतो, मग तो त्या अवतरणाचा असो वा नसो. ब्रिटिश माणूस अर्थ बघून आत किंवा बाहेर ठेवतो. आपल्याला शाळेत यातलं अर्धं ब्रिटिश आणि अर्धं सरांच्या मनातलं शिकवलेलं असतं.

आपल्याकडे मजकूर बहुधा ब्रिटिश वळणाचा, पण कॉम्प्युटर अमेरिकन असतो. वर्डची भाषा मुळात अमेरिकन इंग्रजी लावलेली असली की ‘कलर’मधल्या यू-खाली लाल नागमोडी रेघ येते आणि नवखा माणूस घाबरून यू काढून टाकतो. अख्खा मजकूर निवडा, भाषा बदला, मगच वाचायला लागा.

यातला मोठा सापळा म्हणजे क्रियापदांच्या शेवटी येणारं ‘आयएसई’ आणि ‘आयझेडई’. ‘ऑर्गनाइझ’ झेडने लिहिलं की ते अमेरिकन, असं आपण धरून चालतो. पण खुद्द ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची परंपरा झेडची आहे. शिवाय ‘ॲडव्हर्टाइज’, ‘एक्सरसाइज’, ‘सरप्राइज’, ‘सुपरवाइज’ या शब्दांना नेहमी एसच लागतो. मी एकदा फाइंड-रिप्लेस मारून तीनशे पानांतले सगळे एस झेड करून टाकले होते. ते परत एस करायला दोन रात्री गेल्या, कारण या वेळी एकेक शब्द बघूनच करावा लागला.

२. भांडणाची जात ओळखा

माझ्या मते वाद तीनच जातींचे असतात.

पहिला अर्थाचा. चिन्ह हललं की अर्थ हलतो. इथे हटून बसा.

दुसरा घराण्याचा, म्हणजे त्या त्या प्रकाशकाच्या ठरलेल्या पद्धतीचा. इंग्रजीत याला हाउस स्टाइल म्हणतात, पण सवाई गंधर्वला एकेकाळी रात्र रात्र बसलेल्या गावात घराणं हाच शब्द बरा. किराणावाल्याच्या गाण्याला ग्वाल्हेरवाल्याने ‘चुकलं’ म्हणायचं नसतं. पण एकाच मैफलीत अर्धा ख्याल इकडचा आणि अर्धा तिकडचा झाला तर लोक खुर्च्या वाजवतात. तेव्हा या वादात ‘बरोबर काय’ हा प्रश्नच नाही. ‘पान ४ वर आपण काय केलंय’ एवढंच बघायचं.

तिसरा आवडीचा. वाक्याची सुरुवात ‘अँड’ने करू नये, वाक्य शब्दयोगी अव्ययावर संपवू नये, ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये. शाळेत या गोष्टी आपल्याला देवाज्ञा म्हणून सांगितल्या गेल्या. चांगले इंग्रजी लेखक हे तिन्ही गुन्हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. लेखकाने केलेत आणि वाक्य कळतंय, तर हात लावू नका. वरिष्ठाने हात लावायला सांगितलं तर लावा आणि घरी जा. या जातीच्या वादासाठी आयुष्य लहान आहे.

नवखे लोक नेमकी उलटी ताकद लावतात. आवडीच्या वादात घाम गाळतात आणि अर्थाचा स्वल्पविराम नजरेखालून निसटतो.

३. अर्थ हलवणारे स्वल्पविराम आधी शोधा

पाणीटंचाईच्या एखाद्या अहवालातलं हे वाक्य घ्या: ‘द टँकर्स वेंट टु द व्हिलेजेस विच हॅड नो वेल्स.’ म्हणजे ज्या गावांना विहिरी नव्हत्या, फक्त त्यांना टँकर गेले. आता ‘व्हिलेजेस’नंतर एक स्वल्पविराम टाका. अर्थ झाला: टँकर गावांना गेले, आणि त्या गावांपैकी एकालाही विहीर नव्हती. आकडेवारीच बदलली! मराठीत ही अडचण येत नाही. आपण ‘ज्या-त्या’ने सांगतो किंवा ‘विहिरी नसलेली गावं’ म्हणून मोकळे होतो. त्यामुळे मराठी कानाला हा स्वल्पविराम ऐकूच येत नाही. तो डोळ्यांनी शोधावा लागतो. प्रत्येक ‘विच’ आणि ‘हू’पाशी थांबा आणि विचारा, पुढचा तुकडा काढून टाकला तर वाक्य तेच सांगेल का? सांगत असेल तर स्वल्पविराम हवा. सांगत नसेल तर नको.

अमेरिकन संपादक इथे आणखी एक अट घालतात: स्वल्पविराम नसेल तर ‘विच’ नको, ‘दॅट’ हवं. ब्रिटिश प्रकाशकांत अशी सक्ती नाही. म्हणजे स्वल्पविराम अर्थाच्या जातीचा आणि विच-दॅट घराण्याच्या जातीचा. एकाच वाक्यात दोन जाती भेटल्या की मंडळी गोंधळतात आणि चुकीच्या मुद्द्यावर आवाज चढवतात.

‘श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम’ हा शाळेतला नियम विसरून जा. श्वास प्रत्येकाचा वेगळा. या नियमामुळेच लांबलचक कर्ता संपला की आपण दमून स्वल्पविराम टाकतो: ‘द फार्मर्स हू लॉस्ट देअर क्रॉप्स इन जुलै, विल गेट द मनी.’ कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये असा एकटा स्वल्पविराम इंग्रजीत चालत नाही. पुण्यातल्या सरकारी, निमसरकारी, खासगी कुठल्याही इंग्रजी पत्रात तो सापडेल.

दुसरी आपली खोड म्हणजे दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने शिवणं. मराठीत ‘पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला’ हे झकास वाक्य आहे. इंग्रजीत ‘इट रेन्ड, द प्रोग्रॅम वॉज कॅन्सल्ड’ लिहिलं की परीक्षक लाल करतो. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’सारखं एखादं अव्यय घाला. ‘हाउएव्हर’ने दोन वाक्यं जोडताना तर हमखास फसगत होते. त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम लागतो. ज्यांना अर्धविरामाची भीती वाटते त्यांनी खुशाल पूर्णविराम द्यावा. कुणी काही म्हणत नाही.

आणि ऑफिसच्या इमेलमध्ये एक छोटा सुरुंग असतो. ‘नो चेंजेस नीडेड’ म्हणजे काही बदलू नका. ‘नो, चेंजेस नीडेड’ म्हणजे थांबा, बदलायचं आहे. फोनवर टाइप करताना आपोआप उमटलेल्या त्या एका शेपटीने आमची एक फाइल छपाईच्या दारातून परत आली होती.

४. यादीतला शेवटचा स्वल्पविराम

सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. ‘टी, पोहे अँड शिरा’ लिहायचं की ‘टी, पोहे, अँड शिरा’? ‘अँड’च्या आधीच्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो जपला. त्यांचे छपाईप्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये कामगारांसाठी नियमांची पुस्तिका काढली होती, तिचीच वंशावळ आजच्या ‘न्यू हार्ट्स रूल्स’पर्यंत येते. शिकागोवाले तो टाकायला सांगतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीत साध्या यादीत तो नसतो. बहुतेक ब्रिटिश वर्तमानपत्रंही टाकत नाहीत. म्हणजे मुळात हा घराण्याचा वाद.

पण कधी कधी तो अर्थाच्या वादात जातो आणि मग महागात पडतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमचा कायदा होता. नाशवंत मालाची काही कामं त्यातून वगळली होती. त्या यादीचं शेपूट असं होतं: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’ आणि पुढे मालाची नावं. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही. म्हणजे वगळलंय ते ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ हे एकच काम. आम्ही वितरण करतो, पॅकिंग नाही, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत म्हणजे मेनच्या कायदे लिहिणाऱ्यांच्या पुस्तिकेतच हा स्वल्पविराम टाकू नका असं सांगितलेलं होतं. नंतर त्यांनी त्या यादीत अर्धविराम घातले.

ही गोष्ट सांगून ऑक्सफर्ड कॉमाचे भक्त जिंकल्याच्या थाटात बघतात. त्यांना हे वाक्य दाखवा: ‘आय थँक्ड माय सिस्टर, अ डॉक्टर, अँड द ड्रायव्हर.’ इथे बहीणच डॉक्टर आहे की बहीण वेगळी, डॉक्टर वेगळा? हा घोटाळा त्या शेवटच्या स्वल्पविरामानेच केलाय. यावरचा खरा उपाय चिन्हात नाही. वाक्य फिरवा. ड्रायव्हर आधी आणा, डॉक्टर शेवटी न्या, नाहीतर वाक्याचे दोन तुकडे करा. चिन्हावरून दहा मिनिटांपेक्षा जास्त वाद झाला, तर बहुधा वाक्यच आजारी असतं.

५. ॲपॉस्ट्रॉफी आणि बंगल्याची पाटी

नियम सोपा आहे आणि चूक सार्वत्रिक आहे. अनेकवचनाला ॲपॉस्ट्रॉफी लागत नाही. रसवंतीगृहापासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळीकडे ती लावलेली असते, तो भाग वेगळा. ‘१९९०’नंतर एस लावून दशक दाखवताना मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालायची सवय पूर्वी होती, आता बहुतेक घराण्यांनी ती सोडली. ‘इट्स’चा घोळ असा सोडवा: ‘हिज’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांना ॲपॉस्ट्रॉफी आहे का? नाही. मग ‘त्याचं’ या अर्थाच्या ‘इट्स’लाही नाही. ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं मोठ्याने म्हणता आलं तरच ती हवी.

एसने संपणाऱ्या नावांना आणखी एक एस द्यायचा का, हा घराण्याचा वाद. ‘जेम्स’चं काही असेल तर शिकागो पुढे ॲपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही देतं, असोसिएटेड प्रेस नुसती ॲपॉस्ट्रॉफी देतं. एक पकडा आणि वहीत लिहा.

आमच्या कोथरूडच्या घरमालकांना बंगल्यावर इंग्रजी पाटी हवी होती. आडनाव इथे जोशी धरू. पाटी रंगवणाऱ्याने ‘जोशीज’ लिहून एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी दिली. मी म्हटलं, काका, याचा अर्थ एकाच जोशींचं. मग त्यांनी अमेरिकेतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ॲपॉस्ट्रॉफी काढा, ‘द जोशीज’ म्हणजे जोशी मंडळी. सुनेचं म्हणणं, घर मंडळींचं आहे, म्हणून ॲपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर हवी. व्याकरणाने मुलगाही बरोबर होता, सूनही बरोबर होती. पाटी दोन महिने कोरी होती.

६. पटकन उरकायच्या गोष्टी

हायफन: एरवी दुर्लक्ष केलं तरी चालतं, पण ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा आणि मध्ये हायफन घातला की ‘पुन्हा सही’. एचआरच्या पत्रात हे तपासा. नामाच्या आधी जोडविशेषण आलं तर हायफन, क्रियापदानंतर आलं तर बहुधा नको.

आकडे: आपण १,००,००० लिहितो, बाहेर १००,००० लिहितात. एका तक्त्यात दोन्ही असले की वाचणाऱ्याचा सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. परदेशी वाचक असेल तर लाख-कोटीही बदला.

तारखा: ०५/०६ म्हणजे आपल्याला ५ जून, अमेरिकनाला ६ मे. महिना अक्षरात लिहा.

पूर्णविरामानंतर दोन स्पेस: टाइपरायटरच्या काळातली सवय, टायपिंग क्लासच्या बॅचेसनी जपलेली. आता एकच. इथे मात्र फाइंड-रिप्लेस बिनधास्त मारा.

डॅश: अमेरिकन पद्धतीत लांब आणि दोन्हीकडून चिकटलेला, अनेक ब्रिटिश प्रकाशकांकडे आखूड आणि दोन्हीकडे जागा सोडून. हल्ली लांब डॅश दिसला की ‘हे यंत्राने लिहिलंय’ म्हणून लेखकच तो काढायला सांगतात. काढा. त्यावर भाषण देऊ नका. मी दिलं होतं.

७. शब्द निवडताना खालची मराठी ऐका

विरामचिन्हांपेक्षा शब्दांत आपण जास्त अडकतो, कारण तिथे चूक दिसत नाही. शब्द इंग्रजी असतो, अर्थ मराठी.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. परदेशातल्या एका प्राध्यापकांचा लेख होता. तिसऱ्या तक्त्यातली बेरीज जुळत नव्हती, म्हणून मी अदबीने लिहिलं, ‘वी हॅव सम डाउट्स अबाउट टेबल थ्री.’ मराठीत शंका विचारणं किती निरागस! वर्गात हात वर करून आपण शंकाच विचारतो. त्यांचं उत्तर आलं ते चार ओळींचं, बर्फासारखं, आणि आमच्या मॅनेजरला प्रत टाकून. इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे मला तुमचा भरवसा वाटत नाही. मी लिहायला हवं होतं ‘क्वेरी’ किंवा ‘क्वेश्चन’. अडीचशे वर्षांपूर्वी असते तर ‘ध’चा ‘मा’ केला म्हणून शनिवारवाड्यावर नेलं असतं. आम्हाला नुसतंच केबिनमध्ये नेलं.

असे शब्द जमवत जा. ‘पास्ड आउट’ म्हणजे आपल्याला पदवीधर, बाहेर बेशुद्ध. ‘रिव्हर्ट’ म्हणजे आपल्याला उत्तर देणे, बाहेर पूर्वस्थितीला जाणे. त्यामुळे ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून एखादा इंजिनिअर खरंच जुनं सॉफ्टवेअर परत बसवेल. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावतो, कारण डोक्यात ‘बद्दल चर्चा’ चालू असते. ‘रिटर्न’पुढे ‘बॅक’, ‘कोप’पुढे ‘अप’ हे नुसतं तोंडाला लागलेलं.

पण उलट टोकालाही जाऊ नका. ‘प्रीपोन’ला हसणारे पुष्कळ, पण तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे, आणि बैठक अलीकडे घेणं एका शब्दात सांगायला मला तरी दुसरा चांगला शब्द मिळाला नाही. वाचक भारतीय असेल तर राहू दे. परदेशी असेल तर ‘मूव्ह फॉरवर्ड’ही टाळा, कारण ते ऐकून निम्मे लोक अलीकडे सरकतात आणि निम्मे पलीकडे. सरळ तारीख लिहा.

काही शब्द साहेबाच्या घरातही भांडण लावतात. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिशांना तो चर्चेला घेणे आणि अमेरिकनांना तो बाजूला ठेवणे. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. असे शब्द करारात किंवा इतिवृत्तात आले की मी नेहमी बदलायला सांगते. कोण बरोबर हे विचारत बसत नाही.

आता आपला ‘च’. मराठी माणसाचं इंग्रजी ओळखायची ही पक्की खूण. आपण म्हणतो: मीच त्याला पाच रुपये दिले. मी त्यालाच पाच रुपये दिले. मी त्याला पाचच रुपये दिले. मी त्याला पाच रुपये दिलेच. एक अक्षर ज्याला चिकटेल त्याच्यावर उजेड पडतो. इंग्रजीत ‘ओन्ली’ असा चिकटत नाही, मोकळा फिरतो. ‘ओन्ली आय गेव्ह हिम फाइव्ह रुपीज’, ‘आय गेव्ह ओन्ली हिम फाइव्ह रुपीज’, ‘आय गेव्ह हिम ओन्ली फाइव्ह रुपीज’, अशी पहिली तीन वाक्यं जागा बदलून साधतात. चौथं साधतच नाही. तिथे ‘आय डिड गिव्ह हिम’ म्हणावं लागतं. आणि आपण काय करतो? चारही ठिकाणी ‘ओन्ली’ वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवतो, नाहीतर ‘टुडे इटसेल्फ’, ‘हिअर ओन्ली’ म्हणतो. स्वतः इंग्रज लोक बोलताना ‘आय ओन्ली गेव्ह हिम फाइव्ह रुपीज’ म्हणतात आणि आवाजाच्या चढउताराने भागवतात. कागदावर आवाज नसतो. म्हणून सावध संपादक ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला खेटून ठेवतो. मी प्रत्येक ‘ओन्ली’पाशी मनात मराठी वाक्य म्हणते, ‘च’ कुठे पडतो ते बघते आणि ‘ओन्ली’ तिथे नेते. मराठी माध्यमाचा एवढा थेट फायदा मला दुसरीकडे कुठे झालेला नाही.

शब्द कमी करायला शिकायचं असेल तर कुठल्या कोर्सला जाऊ नका. सदाशिव पेठेतून एक फेरी मारा. रंगाचा खर्च अक्षरावर असला की माणूस किती नेमका होतो ते पाट्यांवर दिसतं. ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट’ याऐवजी ‘शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा’ एवढंच इंग्रजीत लिहा. नम्रपणा ‘प्लीज’मध्ये मावतो.

८. वाद कसा घालायचा

‘हे चूक आहे’ असं कधीही लिहू नका. लेखकाला ‘डझ धिस मीन ए ऑर बी?’ असं विचारा. दोन अर्थ समोर ठेवले की माणूस वाद घालत नाही, निवड करतो. वरिष्ठांशी बोलताना ‘सर, पान ४ वर आपण असं केलंय, इथेही तसंच ठेवू का?’ असं म्हणा. यात कोण हुशार हा प्रश्नच निघत नाही.

पुरावा आणताना शैलीपुस्तिकेचा परिच्छेद क्रमांक द्या, इंटरनेटवरचं कुणाचंतरी मत देऊ नका. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं आणि एआयचं म्हणणं पुरावा धरू नका. ती यंत्रं विचाराल तशी मान डोलवतात, आणि वरच्या टँकरच्या वाक्यात कुठली गावं होती हे त्यांना माहीत नसतं. ते लेखकालाच ठाऊक.

मला काम शिकवणारे छापखान्यातले काका म्हणायचे, ‘अगं, आधी तीनदा स्टेट म्हणायला शिक.’ ‘स्टेट’ हा प्रुफावरचा लॅटिन शब्द, अर्थ ‘राहू दे’. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात हे लिहायचं. आपलीच दुरुस्ती मागे घ्यायची ही खूण आहे. माझ्या पहिल्या शंभर पानांवर काकांनी सगळीकडे तीच टिंबं दिली होती.

९. ठरलं की लगेच लिहा

आता ती कोरी वही. इकडे तिला स्टाइल शीट म्हणतात. डावीकडे ए ते झेड, उजवीकडे ठरलेला शब्द किंवा चिन्ह, पुढे पान क्रमांक आणि कोणी ठरवलं त्याचं नाव. नाव महत्त्वाचं. सहा महिन्यांनी तोच माणूस उलट बोलायला लागतो. ऑक्सफर्ड कॉमा: हो. ‘डेटा’ एकवचन: हो. आकडे लाखात. ‘ई-मेल’ हायफनशिवाय. पंधरा-वीस ओळी झाल्या की नवीन वाद फारसे उरत नाहीत. फाइल पाठवताना वहीची प्रतही पाठवा, नाहीतर पुढचा संपादक तुमचे सगळे स्वल्पविराम प्रामाणिकपणे काढून टाकेल.

घरमालकांच्या पाटीचं विचाराल तर ती दिवाळीच्या आधी लागली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात, नागरीत, नुसतं ‘जोशी’.